कागद पुरता काळा होईपर्यंत

ऑपरेशन थिएटरमधून माझी बदली ऑटोक्लेव्हच्या खोलीत झाली, तेव्हा सोबतच्या नर्सेसना माझी कीव आली. आमच्या रुग्णालयात ती जागा शिक्षेची समजली जायची. तिथं पेशंट नाही, नातेवाईक नाहीत, बरं होऊन घरी जाताना हात जोडणारं कोणी नाही. ऑपरेशनची अवजारं रक्तानं माखून यायची. ती धुवायची, पुसायची, कापडात बांधायची, वाफेत घालायची आणि परत थिएटरात पाठवायची. एकीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "काय केलं वं तू? कोणाशी भांडली काय?"

मी कोणाशी भांडले नव्हते. ती जागा मी मागून घेतली होती. तिथं नवीन यंत्र येणार होतं, आणि ते मला चालवायचं होतं.

आमचं रुग्णालय एका ट्रस्टचं आहे, पांढरकवड्याहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात आणि मागच्या कुंपणापलीकडे कापसातून सरकी काढायचं जिनिंग आहे. मी ज्या बंजारा तांड्यातली आहे तो तिथून दीड तासावर. तांड्यातून नर्सिंग शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या आईला, आम्ही तिला याडी म्हणतो, वाटायचं की मी रोज दवाखान्यात माणसं वाचवते. तिला मी सांगितलं, की आता माणसांपाशी नाही, एका मोठ्या पेटीपाशी माझी ड्युटी आहे. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "पगार तेवढाच राह्यते नं?"

त्या खोलीत माझ्या आधीपासून एक मावशी होत्या. घरची कापूस-तुरीची शेती, दोन मुलं शेतात राबणारी. पण मावशींनी दवाखान्यातली नोकरी सोडली नव्हती. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, ते म्हणजे उभा ऑटोक्लेव्ह लावणं. उभा म्हणजे माणसाच्या छातीएवढा उंच स्टीलचा कुकरच. खाली पाणी, वर जाळीवर गोल ड्रम, झाकण सहा नटांनी आवळायचं. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं, घड्याळाकडे त्या बघायच्या नाहीत. वाफ सुटायचा आवाज ऐकून त्या दुसऱ्या खोलीतून सांगायच्या, "हवा निघाली, आता बंद कर नळ." आणि मी जाऊन बघितलं की काटा बरोबर तिथं असायचा.

नवीन यंत्र आलं ते कापसाच्या हंगामात. ट्रकमधून उतरवलं तर दारातून जाईना, म्हणून खिडकीसकट भिंत फोडली. क्रेनवाला, गवंडी, आमचे वॉर्डबॉय, औषधाच्या दुकानातले दोघं, चहावाला, सगळे जमले होते. लग्नाच्या घरी नवरदेवाची गाडी येते तसं सगळं चाललं होतं. मोठ्या कपाटाएवढी आडवी पेटी, चकचकीत गोल कोपऱ्यांचं दार, बाजूला आकडे दाखवणारी काच. मी त्या दिवशी जेवायला गेलेच नाही. क्रेनचा पट्टा सुटला तेव्हा सगळ्यात आधी मी त्या दाराला हात लावला, आणि ते इतकं थंडगार लागलं की अंगावर शहारा आला.

बसवायला नागपूरहून इंजिनिअर आले होते. किडकिडीत, शांत माणूस, शर्टाच्या खिशात तीन पेनं. ते चार दिवस राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी मला आणि मावशींना समोर बसवलं आणि एक टॉवेल घडी करून हातात दिला.

"ह्या घडीच्या आत काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं.

"हवा आहे. वाफेला जंतू मारायला काही अवघड नाही. तिला अडवते ती हवा. जिथं हवा बसली, तिथं वाफ शिरत नाही. जुन्या मशीनमध्ये वाफ हवेला खालून ढकलत बाहेर काढायची, पण घड्यांमधली, नळ्यांमधली हवा तशीच लपून राहायची. हे मशीन आधी पंपानं हवा ओढून घेतं. मग वाफ सोडतं, परत ओढतं. असं तीनदा. त्यानंतर वाफ कुठंही शिरते."

मला एकदम जिनिंग आठवलं. तिथं सैल कापसाचा डोंगर प्रेसमध्ये घालून दाबतात आणि त्याची दगडासारखी गाठ होते, म्हणजे कापसाच्या पोटातली सगळी हवा निघून जाते. मी तसं बोलून दाखवलं. इंजिनिअर खूश झाले. "फरक एवढाच, की इथं आपण दाबत नाही, ओढतो."

संध्याकाळी हात धुताना मावशी मला म्हणाल्या, "याचा आवाजच येत नाही बाई. मले कसं समजंल आतमधी काय चालू आहे?"

त्यासाठी कागद होता. रोज सकाळी, कामाला लागायच्या आधी, रिकाम्या यंत्रात एक छोटं जाड पाकीट ठेवायचं. त्याच्या मधोमध एक कागद, त्यावर पिवळ्या रेघांची नक्षी. एकशे चौतीस डिग्रीला साडेतीन मिनिटं. हवा नीट निघाली असेल तर नक्षी कडेपासून मध्यापर्यंत सारखी काळी होते. हवा राहिली असेल तर मध्यभागी फिकट डाग राहतो. पाकीट उघडून तो कागद बाहेर काढताना मला दहावीचा निकाल बघतानासारखं व्हायचं. रोजच. पाच-सहा आठवडे झाले तरी ते कमी झालं नव्हतं. काळा कागद मी वहीत चिकटवायचे, खाली तारीख आणि सही. मावशी मागून बघायच्या. "झाला काय काळा?" "झाला." "मंग चला."

जुना उभा ऑटोक्लेव्ह जनावरांच्या दवाखान्याला देऊन टाकला. त्यांचे डॉक्टर स्वतः टेम्पो घेऊन आले होते. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मावशी फाटकात उभ्या होत्या.

संक्रांत झाल्यावर आमच्याकडे शिबिर ठरलं. ज्या लेकरांचा ओठ जन्मापासून फाटलेला असतो, त्यांची ऑपरेशनं. नागपूरचे सर्जन आपली सगळी टीम घेऊन येणार होते. केळापूर, वणी, झरी तिकडून मिळून नऊ लेकरं आली. कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, पोडावरची तीन होती, एक आमच्याच बाजूच्या तांड्यातलं. सगळ्यात लहान सात महिन्यांची मुलगी. अशी लेकरं मी तांड्यात मोठी होताना बघितली होती. त्यांना कोणी शाळेत घालायचं नाही, लग्नाला नेलं तर आई पदरानं त्यांचं तोंड झाकायची. म्हणून शिबिराचं ऐकल्यापासून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. प्रत्येक लेकरासाठी वेगळा सेट. बारीक कात्र्या, बारीक चिमटे, सुई धरायचे होल्डर, गाऊन, चादरी. मी आणि मावशींनी दोन दिवस बसून ती गाठोडी बांधली.

शिबिराच्या आदल्या दिवशी लाइनच्या कामासाठी सकाळपासून वीज गेली, ती संध्याकाळपर्यंत आली नाही. आमच्या जनरेटरवर थिएटर चालतं, हे यंत्र चालत नाही. ठरलं, की सकाळी सहाला येऊन सगळं लावायचं. दोन खेपांत काम होईल, नऊला पहिलं ऑपरेशन सुरू होईल. सगळा हिशोब बसत होता. त्या दिवशी पंखाही नव्हता. खोलीत बसून गाठोडी बांधताना जीव घुसमटला, म्हणून दुपारी मी मागची खिडकी उघडली.

वीज रात्री आली होती. सकाळी सहाच्या आधी मी यंत्र सुरू केलं. दाराच्या कडेची रबर नेहमीप्रमाणे कोरड्या फडक्यानं पुसली. पाकीट ठेवलं, दार लावलं. बाहेर व्हरांड्यात लेकरांचं रडणं सुरू झालं होतं. भूल द्यायची म्हणून त्यांना पहाटेपासून उपाशी ठेवलं होतं. सात महिन्यांच्या मुलीचा आवाज त्यातही वेगळा ऐकू यायचा. ओठ फाटलेलं लेकरू रडतं तेव्हा आवाजात वारं असतं.

चक्र संपलं. मी पाकीट उघडलं.

कागदाच्या कडा काळ्या होत्या. मधोमध रुपयाएवढा फिकट डाग होता.

मला वाटलं पाकीट खराब असेल. दुसरं लावलं. तोपर्यंत मावशी आल्या. दुसरा कागदही तसाच. डाग थोडा मोठाच.

"काय झालं वं?" मावशींनी विचारलं.

"आत हवा राहून राह्यली मावशी. कुठून तरी शिरते."

यंत्रात एक वेगळी चाचणी असते, गळतीची. यंत्र आतली हवा ओढून घेतं आणि मग पंप बंद करून नुसतं थांबतं. आतला आकडा जागेवर राहिला तर सगळं बंद आहे, वर चढत गेला तर कुठूनतरी हवा आत येते. मी ती लावली. आकडा जागेवर राहीना. पाण्याची टाकी भरावी तसा हळूहळू चढत गेला. काचेवर लाल अक्षरं आली.

इंजिनिअरांना फोन केला. ते अमरावतीच्या पलीकडे होते. "निघतो मी," ते म्हणाले, "पण दुपार होईल. तोवर दाराची रबर बघा. शंभरात नव्वद वेळा तिथंच असतं." मी परत रबर पुसली, डोळे लावून चारही बाजूंनी बघितली. काही दिसलं नाही. परत चाचणी, परत लाल अक्षरं. आठ वाजत आले होते.

आमचे मोठे डॉक्टर आले. त्यांच्यामागून नागपूरचे सर्जन, हिरव्या कपड्यांत, तयार होऊन.

"सिस्टर, पहिला सेट कुठं आहे?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

मी दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. "सर, टेस्ट फेल झाली. मी सेट देऊ शकत नाही."

"तापमान येते नं बरोबर? एकशे चौतीस?"

"येते सर."

"प्रेशर?"

"तेही येते."

"मग? एवढ्या तापमानात काय जिवंत राहणार आहे? जरा वेळ वाढवा, साडेतीनच्या जागी दहा मिनिटं करा."

हा प्रश्न मीही स्वतःला दोनदा विचारून झाला होता, म्हणून उत्तर तयार होतं. "सर, यंत्राला ताप आहे, गाठोड्याच्या पोटात आहे की नाही ते आपल्याला माहीत नाही. मधात हवा बसली तर दहा मिनिटं केलं काय आणि वीस केलं काय, खात्री देता येत नाही."

ते चांगले डॉक्टर आहेत, पण बाहेर नऊ उपाशी लेकरं होती आणि पाहुण्यांसमोर त्यांची शोभा होत होती. मला त्यांची अडचण कळत होती. मी यंत्राच्या दारासमोर उभी होते आणि मला हलायचं नव्हतं. तितक्यात नागपूरच्या सर्जननी त्यांच्या हातातून कागद घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला.

"खाली दाताच्या विभागात छोटा व्हॅक्यूम ऑटोक्लेव्ह आहे ना? त्यात एकेक सेट करता येईल?" त्यांनी विचारलं.

"अवजारं होतील सर. पण गाऊन आणि चादरी त्यात मावत नाहीत."

"बरोबर." त्यांनी कागद मला परत दिला. "किती वेळ हवा तुम्हाला?"

असं कोणी विचारेल याची मला कल्पनाच नव्हती. "एक तास," मी म्हटलं. तो आकडा कुठून आला माझं मलाच माहीत नाही.

"एक तास. भूलतज्ज्ञांना सांगतो, लहानांना थोडं पाणी देता येईल का बघू देत." आणि ते मोठ्या डॉक्टरांना घेऊन गेले.

मी व्हरांड्यात गेले, कारण लोकांना काहीतरी सांगायला हवं होतं. सात महिन्यांच्या मुलीची आई भिंतीला टेकून बसली होती, कोलाम बाई, वीस-एकवीस वर्षांची. नवरा उभा होता. त्यानं विचारलं, "काहून उशीर होऊन राह्यला बाई? आमचं काही चुकलं काय?"

"तुमचं काही नाही चुकलं दादा. अवजारं साफ करायचं यंत्र नीट नाही चालून राह्यलं. ते नीट झाल्याबिगर तुमच्या पोरीले हात नाही लावायचा."

त्यानं बायकोला आपल्या भाषेत सांगितलं. तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि उठून फेऱ्या मारायला लागली. मी धावत खोलीत आले.

आता खरं डोकं चालवायचं होतं. एवढ्या मोठ्या यंत्राला किती सांधे, किती नळ्या. "मावशी," मी म्हटलं, "सायकलची ट्यूब पंक्चर झाली तर पाण्यात बुडवून पाह्यते नं? बुडबुडे निघते तिथं भोक. तसं साबणाचं पाणी लावून पाहू काय?"

मावशींनी मान हलवली. "ट्यूबमधून हवा बाहेर येते. इथं तर आत चालली. बुडबुडा कसा निघंल?"

खरंच होतं. मी डोक्याला हात लावला. मावशी दाराकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "घरी चुलीचा धूर कुठीकडे ओढते ते पाह्यलं की फट समजते. अगरबत्ती आहे काय कोणाजवळ?"

मी जी पळाले ती थेट औषधाच्या दुकानापर्यंत. तिथल्या देव्हाऱ्यासमोर पुडा होता, तो मी न विचारताच उचलला आणि मागून दुकानदार काहीतरी म्हणत राहिला. येताना मोठ्या सिस्टर भेटल्या. "काय घेऊन चालली? पूजा करतेस काय मशीनची?" मी म्हटलं, "तपासणी करून राह्यली सिस्टर," आणि थांबलेच नाही.

दार लावलं. गळतीची चाचणी सुरू केली. पंपानं हवा ओढली, थांबला, आकडा चढायला लागला. मावशींनी अगरबत्ती पेटवली. आम्ही पंखा बंद केला, खोलीचा दरवाजा लावला, बाहेर वारा नव्हताच, श्वाससुद्धा हळू घेत होतो. मावशींनी अगरबत्ती दाराच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला धरली. धूर सरळ वर गेला. त्या हळूहळू कडेकडेनं खाली आल्या. बोटभर, बोटभर. धूर सरळच. खालची कड. धूर सरळ. मग उजव्या कोपऱ्यापासून चार बोटं अलीकडे धुराची रेघ वाकली. वर जाणारी ती निळी रेघ एकदम आडवी झाली आणि दाराच्या फटीत शिरली, सुईत दोरा ओवावा तशी.

"अय," मावशी एवढंच म्हणाल्या. हात तसाच धरून ठेवला. मागे घेतला तर धूर सरळ, परत तिथं नेला तर आत.

मला हसू येत होतं. चाचणी थांबवली, दार उघडलं. त्या जागी रबर मी सकाळपासून तीनदा पुसली होती. आता डोळ्यांनी न बघता बोट फिरवलं. बाहेरून गुळगुळीतच होती. मग मावशींनी स्वतःचं बोट रबरीच्या मागं, ती ज्या खाचेत बसते तिथं सरकवलं आणि सावकाश ओढत नेलं. एका जागी बोट थांबलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

चिमट्यानं काढलं. कापसाचा पेळूसारखा वळलेला धागा होता, आणि त्यात अडकलेला सरकीच्या टरफलाचा तुकडा. तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढा. त्याच्यामुळे रबर त्या जागी केसभर वर उचलली जात होती, आणि तेवढ्यातून हवा आत जात होती.

मावशींनी तो तुकडा तळहातावर घेतला. मग खिडकीकडे बघितलं. ती उघडीच होती. कुंपणापलीकडे जिनिंगमधून उडालेले कापसाचे तंतू तारांवर, झाडांवर, खिडकीच्या गजांवर लटकत होते. आदल्या संध्याकाळी जाताना ती लावायची राहिली होती, आणि यंत्राचं दारही उघडंच होतं. आदल्या दिवशी ती कोणी उघडली हे मावशींना माहीत होतं. खिडकी लावून घेत त्या म्हणाल्या, "खाच पुरी पुसून घे. आता चालू कर."

परत चाचणी. ह्या वेळी खोलीचं दार उघडून मोठे डॉक्टर आणि सर्जन आत आले, त्यांच्यामागं मोठ्या सिस्टर, आणि अगरबत्तीचा पुडा परत न्यायला आलेला औषधाचा दुकानदार. आम्ही सगळे त्या छोट्या काचेसमोर उभे होतो. आकडा खाली गेला, थांबला. एक मिनिट. दोन. दहा मिनिटं थांबायचं असतं. पाचव्या मिनिटाला शेवटचा आकडा एकनं हलला, पण तो तिथंच राहिला. एवढं हलणं चालतं. सातव्या मिनिटाला दुकानदारानं हळूच विचारलं, "हे काय पाहून राह्यले सगळे?" दहा झाली. हिरवी अक्षरं.

मी म्हटलं, "अजून कागद बाकी आहे." सर्जन म्हणाले, "लावा."

तो कागद बाहेर काढला तेव्हा तो गरम होता. कडेपासून मध्यापर्यंत काळा. सगळीकडे सारखा काळा. मी तो मावशींना दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि त्या गालात हसल्या. त्या यंत्राबद्दल त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग तो मोठ्या डॉक्टरांच्या हातात गेला. त्यांनी सर्जनना दिला, सर्जननी मोठ्या सिस्टरना. दुकानदारानं हात पुढं केला तेव्हा मी तो घेऊन वहीत चिकटवला.

पहिली खेप लागली. आता मला माझं काम करायचं होतं, पण त्याआधी एक गोष्ट सांगायची होती. मोठे डॉक्टर जायला वळले तशी मी म्हटलं, "सर, खिडकी मी उघडली होती काल. कापूस तिथूनच आला."

ते दारात थांबले. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलले असते तर बरोबरच होतं. ते म्हणाले, "उद्या सुताराला बोलावून बारीक जाळी ठोकून घ्या." दोन पावलं गेले आणि परत वळले. "आणि ते दहा मिनिटं वाढवायचं मी बोललो, ते विसरा."

पहिलं ऑपरेशन साडेदहाच्या सुमारास सुरू झालं. सात महिन्यांची मुलगी आधी घेतली. त्यानंतर मला काही आठवत नाही, नुसतं धावणं आठवतं. वापरलेला सेट आला की धुवायचा, वाळवायचा, बांधायचा. खेप निघाली की गरम गाठोडी जाळीवर ठेवायची, पुढची लावायची. दुपारी इंजिनिअर पोचले. त्यांना आम्ही तो सरकीचा तुकडा दाखवला, एका कागदी पुडीत ठेवला होता. अगरबत्तीची हकीकत ऐकून ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मावशी, माझ्याकडे यासाठी दीड लाखाचं यंत्र आहे." मावशींनी विचारलं, "चहा घेता काय?"

त्या दिवशी सातच ऑपरेशनं झाली. उशीर झाल्यामुळे दोन लेकरांना थांबावं लागलं. त्यातलं एक आमच्या बाजूच्या तांड्यातलं होतं, त्याची आजी माझ्यावर चिडली. आमच्या बोलीत मला बरंच काही ऐकवलं, घरची म्हणून जास्तच. मी ऐकून घेतलं. सर्जन मुक्कामाला राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी ती दोन घेतली.

चौथ्या दिवशी, लेकरं घरी जायच्या आधी, मी वॉर्डात गेले. ऑटोक्लेव्हच्या खोलीतलं माणूस वॉर्डात फारसं जात नाही, पण मला राहवलं नाही. सात महिन्यांच्या मुलीच्या ओठावर बारीक टाके होते, सूज होती, पण कुठं लाली नाही, पू नाही. ती चमच्यानं दूध पीत होती आणि दूध बाहेर येत नव्हतं. तिची आई दर चमच्याला थांबून बघायची, खरंच आत गेलं का. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं, बहुतेक उशीर करणारी बाई म्हणूनच लक्षात असेन. मी पलंगापाशी उभी राहिले. तिनं मला बसायला जागा केली आणि चमचा माझ्या हातात दिला. मी तीन चमचे पाजले.

पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं, की रोज सकाळी काय काय तपासायचं ते मराठीत लिहून भिंतीला लावा, म्हणजे तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हाही कोणाचं अडणार नाही. मी दोन दिवस खपून छान अक्षरात लिहिलं आणि मावशींना वाचून दाखवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या ओळीला त्यांनी थांबवलं.

"काय लिवलं तिथं?"

"'दाराची रबर स्वच्छ फडक्याने पुसावी.'"

"ते खोड. लिव, रबरीच्या मागून बोट फिरवून पाहावं. फडक्याले काही समजत नाही."

मी खोडलं आणि तसं लिहिलं. खालची जागा दाखवून त्यांना विचारलं, की इथं आपली दोघींची सही करू काय. त्या म्हणाल्या, मले सही येत नाही. मग आम्ही स्टॅम्पपॅड आणलं, आणि माझ्या सहीशेजारी त्यांनी खाचेत फिरवलेलं तेच बोट नीट दाबून उमटवलं.